तीनला दहा कमी

जुन्नर
३ नोव्हेंबर २०२५

चि. वृषाली,

तुला आणि सुदर्शनला आशीर्वाद. मी बरी आहे. डाव्या कानाला आता जवळजवळ ऐकू येत नाही, त्यामुळे फोनवर तू बोलतेस त्यातलं अर्धं समजतं आणि उरलेल्या अर्ध्याला मी नुसतं हो म्हणते. तुझा व्हॉट्सॅपवरचा लांब मेसेज मात्र चष्मा लावून दोनदा वाचला. उत्तर कागदावर लिहिते. चौतीस वर्षं नर्सची नोकरी केली, रजिस्टरं लिहिली, बोटांना तीच सवय आहे.

लग्न फेब्रुवारीत ठरलं हे चांगलं झालं. थंडी कमी झालेली असते आणि ऊनही फार नसतं. तुझ्या आजीचा, साळुबाईंचा, निरोप आला होता की सुदर्शनच्या घरचे लोक रीतीभातीचे आहेत, पण माणसं चांगली आहेत.

तुझ्या कंपनीतल्या सगळ्यांना माझं घड्याळ दाखवायचं आहे असं तू लिहिलंस. पुण्यात बसून तुम्ही नवी घड्याळं जुन्या धर्तीवर काढता, आणि ती विकली जातात, याचं मला अजून नवल वाटतं. विकत मागितलंस, ते जमणार नाही. मापं घ्यायला, फोटो काढायला कधीही ने.

आता त्याची हकीकत. १९७९ साली नर्सच्या ट्रेनिंगला निवड झाली, तेव्हा तिथल्या बाईंनी सांगितलं, सेकंद काट्याचं घड्याळ हातात नसेल तर वर्गात बसू नका. मी इथल्या दुकानात गेले. बायकांची म्हणून जी घड्याळं होती ती चिंचोक्याएवढी, सोनेरी कडेची, आकड्यांच्या जागी चार ठिपके. सेकंद काटा एकातही नाही. बायकांना सेकंदाशी काय करायचंय, असंच बनवणाऱ्याला वाटलं असणार. मग मी पुरुषांचं एचएमटी घेतलं. चावीचं. पांढरी तबकडी, बाराच्या बारा आकडे काळे, आणि लांब लाल सेकंद काटा. माझा भाऊ म्हणाला, आता मिशा पण ठेव.

लोकांना ही जुनी घड्याळं अजून का आवडतात, हे तू विचारलंस. मी अमजदभाईंना विचारलं. पेठेतलं त्यांचं दुरुस्तीचं दुकान तू पाहिलं आहेस. माझं घड्याळ दर तीन वर्षांनी तेच उघडून साफ करतात. लेण्याद्रीला आलेली पुण्याची पोरं हल्ली परत जाताना त्यांच्याकडे थांबतात आणि जुनं काही आहे का विचारतात. अमजदभाईंनी माझ्या घड्याळावर चिमटा टेकवून दाखवलं. मिनिट काट्याचं टोक बरोबर मिनिटाच्या रेघेला लागतं. तास काटा आकड्याच्या पायापर्यंत येतो, त्याच्यावर चढत नाही. ते म्हणाले, "आजकालच्या घड्याळात काटा आखूड आणि रेघ लांब. मग माणूस अंदाज करतो. ह्याच्यात अंदाज करावा लागत नाय." काचेचंही त्यांनी सांगितलं. ती फुगीर आहे, त्यामुळे मनगट वाकडं असलं तरी आकडे दिसतात. चरे पडले की ते पॉलिश लावून घासतात, काच पुन्हा पहिल्यासारखी होते.

मला विचारशील तर, ते जुनं म्हणून चांगलं आहे असं नाही. ते कोणाला तरी काम करायचं आहे हे धरून काढलेलं होतं. मी त्यावर नाडी मोजली, तापातल्या पोरांचे श्वास मोजले. लाइट गेलेली असताना दाराच्या फटीतल्या उजेडात ते वाचता यायचं. बाळंतपणाला आलेल्या बायकांना मी मनगट डोळ्यांसमोर धरून सांगायची, कळ आली, आता लाल काटा बारावरून निघाला की तो खाली सहापर्यंत पोचेस्तोवर सावकाश श्वास घेत-सोडत राहायचा. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायका, पण काट्याकडे बघता बघता आकडेही विचारायच्या. त्यातल्या काही जणी घरी जाताना घड्याळ वाचायला शिकून गेल्या. असो.

जन्मवेळ तू विचारलीस. रजिस्टरमध्ये आहे तीच, दुपारी तीन वीस. सुदर्शनच्या घरच्यांना तेवढं पुरेल. ह्या असल्या गोष्टींत फार खोल जाऊ नये.

आईच्या माहेरचं कोणाला बोलवायचं नाही, जी टाकून गेली तिच्या माणसांचा काय संबंध, असं लिहिलंस. तो तुझा प्रश्न आहे. मी त्यात काय सांगणार.

गवारीच्या शेंगा आल्या आहेत. येशील तेव्हा घेऊन जा.

तुझी
सिस्टर मावशी


जुन्नर
२२ नोव्हेंबर २०२५

चि. वृषाली,

तू काढलेलं घड्याळाचं चित्र कुरिअरनं पोचलं. आधी अमजदभाईंना दाखवलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, पोरीनं काटे बरोबर रेघेला टेकवलेत. मला आनंद झाला. मग तू सोबत लिहिलेलं वाचलं. घड्याळाच्या चित्रात काटे नेहमी दहा वाजून दहा मिनिटांवर ठेवतात, कारण तसे ते चांगले दिसतात, पण तुझ्या ह्या पहिल्या घड्याळाच्या पेटीवर तू ते तीन वीसवर ठेवलेस. तुझी जन्मवेळ. आणि खाली बारीक अक्षरात, नूतन सिस्टरच्या घड्याळावरून, असं. अशा तीनशे पेट्या छापणार आहात.

त्या छापायला जायच्या आत हे लिहायला हवं. गेले चार दिवस टाळत होते.

तू तीन वीसला जन्मली नाहीस. तीनला दहा मिनिटं कमी होती.

तो गौरी विसर्जनाचा दिवस होता. गौरी मूळ नक्षत्रावर जातात, आणि मुळावरचं मूल बापाला जड असतं असं आपल्याकडे धरतात, त्यामुळे त्या दिवशी बाळंतपण आलं की घरचे घाबरतात. सकाळी तुझ्या आईला, सरूबाईला, आमच्या उपकेंद्रात आणून टाकलं आणि साळुबाई एसटीनं घोडेगावला गेल्या, मूळ किती वाजता संपतं ते भटजींना विचारायला. तुझे वडील, संपत, धरणावर जाळी काढायला गेलेले. उपकेंद्रात आम्ही दोघीच.

तुझी आई वीस वर्षांची होती, तिसरीपर्यंत शिकलेली. सकाळपासून तिचे डोळे माझ्या मनगटावर. दुपारपर्यंत तीच मला सांगायला लागली, बाई, ही कळ चार मिनिटांनी आली, ही तीन मिनिटांनी. तू झालीस, रडलीस, मी नाळ बांधत होते. माझं लक्ष नव्हतं. तिनं मान वळवून घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, "तीनला धा कमी." म्हणजे तुझी वेळ मी पाहिलीच नाही. तिनं वाचली.

परतीची एसटी उशिरा आली. पावणेचारला साळुबाई दारात उभ्या, हातात चिठ्ठी. मूळ तीन वाजून पाच मिनिटांपर्यंत. मुलगा का मुलगी हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं, टाइम काय व्हता. मी मनगटाकडे पाहिलं, जणू तिथे लिहिलेलं असावं, आणि तीन वीस म्हटलं. रजिस्टरमध्येही तेच लिहिलं. तुझी आई खाटेवरून माझ्याकडे बघत होती.

मी असं का केलं ते सांगते. त्याच्या दोन वर्षं आधी वरच्या वाडीतल्या एका मुलीची खरी वेळ मी सांगितली होती. बापानं तिचं तोंड बघायचं नाही म्हणून तिला बाराव्या दिवशी मावशीकडे धाडलं. आईचं दूध तुटलं. दुसऱ्या महिन्यात तिला माझ्याकडे आणली तेव्हा तिचं वजन पावणेदोन किलो होतं. ती राहिली नाही. तेव्हा मी मनात ठरवलं होतं की पुन्हा खरी वेळ सांगायची नाही. इथपर्यंतचं मला आजही चुकीचं वाटत नाही.

पुढचं वाटतं.

तुला चौदा महिने झाले आणि तुझ्या वडिलांची होडी धरणात उलटली. वारा होता आणि दोघांच्या होडीत पाच जण बसले होते. चौघं पोहून आले. मूळबिळ त्यात काही नव्हतं. हे मी तुला नर्स म्हणून सांगते आणि तिथे काठावर उभी होते म्हणूनही सांगते.

तेराव्याला मी तुमच्या घरी गेले. पडवीत बायका बसल्या होत्या. कोणीतरी काढलं की पोरगी गौरी विसर्जनाच्या दिवसाची आहे, मुळावरची तर नाही ना. साळुबाईंचा तरणा मुलगा गेलेला, त्या भानावर नव्हत्या. म्हणाल्या, "पोरीचा टाइम चांगला हाय. ह्या सिस्टरनी घड्याळात बघून सांगितलाय. पांढऱ्या पायाची आसंल तर ती तिकडं उभी हाय." तुझी आई दारात होती, तू तिच्या कडेवर. सगळ्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे, मी हो म्हणावं म्हणून. मी मान हलवली.

तिला एक वाक्य बोलून सुटता आलं असतं. मलाही एकच बोलायचं होतं. आम्ही दोघी गप्प राहिलो. पण दोन्ही गप्प राहणं सारखं नव्हतं. ती तुझ्यासाठी गप्प राहिली. मी नोकरीसाठी. रजिस्टरमध्ये खोटी वेळ लिहिल्याचं बाहेर आलं असतं तर माझी चौकशी लागली असती. मी त्या क्षणी तोच विचार केला. तुझा नाही केला. आजवर मी हे स्वतःलाही वेगळं करून सांगत आले.

आठ दिवसांनी तिला तिच्या माहेरी, आपटाळ्याला, धाडलं. तुला ठेवून घेतलं. तिचा भाऊ एकदा तुला न्यायला आला होता, त्याला दारातून परत पाठवलं. ती तुला टाकून गेलेली नाही. तिला घालवलं.

त्यानंतर ती वर्षातून दोनदा एसटी बदलून उपकेंद्रात यायची. तुझं वजन विचारायची, उंची विचारायची. दीड वर्षाच्या डोसला आणि पाचव्या वर्षाच्या डोसला तुला आजीनं आणलं, तेव्हा ती आत औषधांच्या खोलीत उभी होती. मी दार थोडं उघडं ठेवलं होतं. तू दोन्ही वेळा फार रडलीस. पहिल्या वेळी मी तिला म्हटलं, मी खरं सांगून टाकते, काय व्हायचं ते होऊ दे. ती म्हणाली, "नको बाई. मंग पोरीला म्हनतील, बापाला खाल्ला. मला म्हनत्यात त्ये बरंय." मी ऐकलं. ऐकणं माझ्या सोयीचं होतं.

परवा गुरुवारी तुझं चित्र घेऊन मी आपटाळ्याला गेले. ती भावाच्या घरामागच्या खोलीत राहते. दोन शेळ्या आहेत, बाकी लोकांच्या शेतात कामाला जाते. दुसरं लग्न केलेलं नाही, तुला काय सांगितलं असेल ते असो. चित्र तिच्या हातात दिलं. तिनं हात लुगड्याला पुसले, दाराशी उजेडात नेऊन बराच वेळ पाहिलं. म्हणाली, "झ्याक काढलंय. पर काटं चुकल्यात."

मी म्हटलं, तेच सांगायला वृषालीला लिहिणार आहे. तर ती घाबरली. लगीन होऊ द्या, म्हणाली, मग सांगा. आत्ता सांगितलं तर मोडंल, आणि पुन्हा पोरीच्याच माथ्यावर येईल. मी म्हटलं, सव्वीस वर्षं तुझं ऐकलं, ह्या वेळी ऐकणार नाही. ती माझ्यावर चिडली. मला एसटीपर्यंत सोडायलाही आली नाही.

सुदर्शनच्या घरी काय सांगायचं, सांगायचं की नाही, हे तू बघ. हे पत्र फाडलंस तरी मला चालेल, त्यांना दाखवलंस तरी चालेल. साळुबाईंसमोर येऊन बोल म्हणालीस तर येईन. आता पेन्शन चालू आहे, नोकरी जायची भीती नाही, त्यामुळे यात माझं धाडस काही नाही हे मला कळतं. फक्त लग्नाला कोणाला बोलवायचं त्याची यादी पुरी करायच्या आधी एकदा आपटाळ्याला जाऊन ये. तिनं तुला बोलवलेलं नाही. मी बोलवते आहे.

मावशी म्हणायचं की नाही ते तू ठरव.

नूतन


पुणे
१० डिसेंबर २०२५

सिस्टर मावशी,

उत्तराला उशीर झाला, कारण पहिली तीन पत्रं मी फाडली. त्यात तुम्हाला फार वाईट लिहिलं होतं. राग अजून आहे. वेळ खोटी सांगितली त्याचा नाही. तेराव्याला मान हलवलीत त्याचा आहे. तो किती दिवस राहील मला माहीत नाही, पण तुम्ही तो स्वतःहून माझ्या हातात आणून दिलात, हेही विसरत नाही.

पेटीवरच्या चित्रात काटे आता सगळ्यांसारखे दहा वाजून दहावर आहेत. दोन पन्नासवर ठेवायचं मनात आलं होतं. मग वाटलं, ती वेळ तीनशे अनोळखी घरांत कशाला जायला हवी. खालचं तुमचं नाव रागात एकदा काढलं होतं, छापायला देताना परत घातलं.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी सुदर्शनला सांगितलं. त्यानं पूर्ण पत्र वाचलं आणि विचारलं, आपटाळ्याला गाडी कुठून जाते. रविवारी आम्ही गेलो. ती कोणाच्या तरी रानात कांद्याची लागण करत होती, आणखी पाच-सहा बायका होत्या. मी कोण ते सांगावं लागेल असं वाटलं होतं. बांधावर उभी राहिले तर ती सरळ झाली, हातात रोपांची जुडी तशीच, आणि म्हणाली, "वजन कमी वाटतंय तुजं." मी म्हटलं, त्रेपन्न आहे. मग ती चिखलातून चालत येता येता सांगायला लागली, दीड वर्षाला नऊ किलो, पाचव्या वर्षाला साडेपंधरा, दहावीत असताना बेचाळीस. एकाही आकड्याला अडखळली नाही. बाकीच्या बायका लागण थांबवून बघत होत्या. सुदर्शन बाजूला जाऊन उभा राहिला.

ती फार रडली नाही. मी रडले. ती तुमच्यावर अजून चिडलेली आहे, की सांगू नका म्हटलं तरी सांगितलं. आणि दोन वेळा विचारलं की तुम्ही जेवायला काय करता, एकट्या राहता तर.

सगळं नीट झालंय असं समजू नका. आजीला मी पत्र वाचून दाखवलं. ती मानायलाच तयार नाही. म्हणते, सिस्टरचं घड्याळ कधी चुकलेलं नाही, हे सरूनं शिकवलेलं आहे. तुम्ही समोर येऊन बोलायची तयारी दाखवली आहे, ती मला हवी आहे. पुढच्या बुधवारी मी न्यायला येते. आजी तुम्हाला काय म्हणेल ते मी सांगू शकत नाही. तिचं वय झालंय, आणि मला तिनंच वाढवलं आहे, तेव्हा सावकाश बोलू.

सुदर्शनची आई दोन दिवस कोणाशी बोलली नाही. मग म्हणाली, मुळाची शांती करून घ्या, मग माझं काही म्हणणं नाही. मी म्हटलं, करणार नाही. त्यावर त्यांच्या घरी रोज वाद चालू आहे. तारीख अजून तरी तीच आहे. बदलली तर कळवीन.

लग्नपत्रिकेत निमंत्रण कोणाच्या नावानं द्यायचं यावरून आमच्याकडे भांडण झालं. चुलत्यांचं नाव घाला, असं सगळ्यांचं मत होतं. मी काल छापखान्यात जाऊन मजकूर देऊन आले. निमंत्रक म्हणून एकच नाव आहे. छापणाऱ्यानं विचारलं, श्रीमती सरूबाई म्हणजे नवरीच्या कोण? मला तो शब्द मोठ्यानं उच्चारायची सवय नव्हती, त्याला दोनदा विचारावं लागलं.

सरूबाईंची मुलगी
वृषाली